खंडेराया, दोन मुक्या जिवांसाठी

हे मल्हारी मार्तंडा, आमच्या देव्हाऱ्यातल्या टाकावर तू घोड्यावर बसला आहेस, जवळ म्हाळसाई आहे आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा आहे. पिढ्यान्‌पिढ्या चिंच लावून घासल्यानं तुझेच नाकडोळे पुसट झालेत. कुत्र्याची तर वळलेली शेपटी तेवढी ओळखू येते. पण तो तिथं आहे. दत्तगुरूंच्या पायाशी चार आहेत, पण ते चार वेद आहेत असं मोठी माणसं सांगतात. तुझा कुत्रा कुत्राच आहे. म्हणून हे गाऱ्हाणं तुझ्याकडे आणलं.

श्रावण सरत आलाय, भादवा तोंडावर आहे. भादव्यात आमच्या गल्लीत काय चालतं ते तू बघतोसच. एक कुत्री माजावर आली की तिच्यामागं कुत्र्यांची रांग लागते, रात्रभर भांडणं, फाटलेले कान. मग ६३ दिवसांच्या आसपास, ऐन दिवाळीच्या फटाक्यांत, कुठल्यातरी सिमेंटच्या पाइपात डोळे मिटलेली पिल्लं. त्यातली जगतात किती, ते तुलाच ठाऊक. आमची चिंगी अशाच एका पाइपात, माघातल्या थंडीत सापडलेली. आता ती सहा महिन्यांची होतेय आणि तिच्या नसबंदीच्या ऑपरेशनचं ठरवायची वेळ आली आहे.

देवा, तिला विचारता येत नाही. सगळा पेच इथंच आहे. तिच्या पोटावर सुरी चालवायची का आणि कधी, हे मी ठरवणार. उद्या आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं, बंड्याचं, दुखणं कुठवर ताणायचं, तेही मीच ठरवणार. तेव्हा माझी सोय आणि त्यांचं हित यांत गल्लत होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं आहे. बाकी सगळं त्याच्या पोटात आलं.

सासूबाई म्हणतात, एकदा तरी पिल्लं होऊ दे, तिचा जन्म वाया नको. त्यांना वाईट बोलू नये एवढी बुद्धी मला दे, कारण त्या मायेनंच बोलतात. पण एक वेत झाल्यानं कुत्रीची तब्येत सुधारते, याला वैद्यकात आधार नाही, हेही त्यांच्या गळी उतरव. पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर स्तनांच्या गाठींचा धोका फार कमी राहतो, असं १९६९ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासातून पुढं आलं. २०१२ च्या फेरतपासणीत तो पुरावा तितका भक्कम नसल्याचं दिसलं. म्हणजे शास्त्रालासुद्धा हातचं राखून बोलावं लागतं, मग मी कोण! पण गर्भाशयात पू होण्याबद्दल दुमत नाही. माज ओसरल्यावर काही आठवड्यांनी कुत्री भरमसाट पाणी प्यायला लागते, जेवण टाकते, आणि कधी बाहेर एक थेंबही दिसत नाही. तेव्हा धावतपळत करायचं ऑपरेशन आणि आज धडधाकट असताना करायचं ऑपरेशन यांत फार अंतर आहे. ऑपरेशननंतर काही कुत्र्यांना वय झाल्यावर झोपेत लघवी होते, हेही मी जाणून आहे. झाली तर चादरी धुवायला हात दे. कुरकुरायला तोंड देऊ नकोस.

बंड्याच्या वेळी मात्र डॉक्टर म्हणाले होते, थांबा. लॅब्रेडोर हे मोठ्या हाडाचं जनावर. हाडांची वाढ थांबवायला शरीरातलेच स्राव लागतात, ते आधीच काढून घेतले तर हाडं गरजेपेक्षा लांबतात आणि सांध्यांवर ताण येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हरचा आणि २०२० मध्ये ३५ जातींचा हिशेब मांडला. बहुतेक लहान चणीच्या जातींत वयानं फारसा फरक पडला नाही, मोठ्या जातींत पडला, आणि नर-मादीतही सारखा नव्हता. एकच महिना सगळ्यांना लावता येत नाही, एवढं त्यातून कळतं. जो शेजारी ‘सहा महिने झाले की उरकून टाका’ म्हणतो आणि जो ‘निसर्गाच्या विरुद्ध आहे’ म्हणतो, त्या दोघांपासून मला सारखंच लांब ठेव. आम्ही बंड्याची वाढ पुरी होऊ दिली. तरी आज त्याचे मागचे पाय धरतातच. थांबल्यानं धोका कमी होतो, म्हातारपण टळत नाही.

बंड्या आता बारा वर्षांचा आहे. डोळ्यांवर निळसर झाक आलीय, पण तो मोतीबिंदू नाही, दिसतं त्याला. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकतात, म्हणून हॉलपासून मोरीपर्यंत जुन्या सतरंज्या अंथरल्यात. घर बघायला आलेली माणसं नाक मुरडतात, मुरडू देत. रात्री दोन-अडीचला उठतो, या खोलीतून त्या खोलीत फिरतो आणि दार उघडायच्या बाजूला न थांबता बिजागरीच्या बाजूला तोंड खुपसून उभा राहतो. दार उघडलं तरी तिथंच. मेंदू थकला की असं होतं म्हणे. त्या वेळी झोपमोडीचा राग माझ्या आवाजात येऊ देऊ नकोस, कारण शब्द त्याला कळोत न कळोत, आवाज कळतो.

त्याच्या फासळ्या बोटांना लागल्या पाहिजेत पण डोळ्यांना दिसू नयेत, हे माझ्या ध्यानात ठेव. नाहीतर माया म्हणून मी पोळीचा तुकडा टाकत जाईन आणि ते वजन त्याच्या गुडघ्यांना पेलावं लागेल. तो कण्हला म्हणून घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कुणी त्याच्या तोंडात घालू नये. अशा कितीतरी गोळ्या कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंडं जाळतात. आणि चंपाषष्ठीला आम्ही तुझ्या नावानं कुत्र्यालाही घास घालतो, तेव्हा रुसू नकोस: बंड्या-चिंगीला बाजरीचा रोडगा कोरडाच मिळेल. भरितातला कांदा त्यांच्या रक्ताला बाधतो.

जी पोरं-पोरी पहाटे जाळी घेऊन गल्लीतली कुत्री धरतात, नसबंदी करून, रेबीजची लस टोचून, कानाला खूण करून पुन्हा त्याच कोपऱ्यावर आणून सोडतात, त्यांना चावे आणि शिव्या दोन्ही कमी मिळोत. सरकारच्या २०२३ च्या नियमांत तसंच सांगितलंय. तरी ‘परत का आणलं?’ म्हणून लोक त्यांच्या अंगावर जातात.

एक मागणं जड आहे. धर्मराजाबरोबर कुत्रा हिमालय चढून गेला. माझ्या कुत्र्याला जिन्याच्या तीन पायऱ्या होत नाहीत. शेवटचं इंजेक्शन द्यायची वेळ येईल तेव्हा मी ‘अजून थोडे दिवस’ म्हणेन, तर ते थोडे दिवस त्याच्यासाठी आहेत की माझ्यासाठी, हे मला स्पष्ट दिसू दे. तो जेवणाला उठतो का, दारातल्या माणसाला शेपूट हलवतो का, स्वतःच्या घाणीत पडून राहतो का, एवढंच मोजायला लाव. आणि उलट, औषधांच्या खर्चाला किंवा रात्रीच्या जागरणाला कंटाळून मी घाई केली, तर माझी वाट अडव. डॉक्टर विचारतील की आत थांबायचं का, तेव्हा मला बाहेर जाऊ देऊ नकोस.

चिंगीची तारीख सोमवारची मिळाली आहे. भूल द्यायची म्हणून रविवारी रात्री दहानंतर तिला खायला काहीही द्यायचं नाही. रविवार तुझा वार, तेव्हा या उपासाकडे तूच बघ. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसेल, मान तिरकी करेल, आणि सासूबाई म्हणतील, ‘एक बिस्कीट दे गं, लेकरू आहे.’ माझा हात डब्याकडे गेला तर तो तिथंच धर, आणि जमलं तर सासूबाईंचाही.