अपरिग्रह आणि घरातील चित्रसंग्रह

पातंजल योगसूत्रांत यमांची गणना करताना अस्तेय आणि अपरिग्रह ही दोन्ही व्रते एकाच सूत्रात आली आहेत, आणि विषयांचे अर्जन, रक्षण, क्षय, संग व हिंसा यांतील दोष ओळखून त्यांचा स्वीकार न करणे असा अपरिग्रहाचा अर्थ व्यासभाष्याने केला आहे. धान्य, सुवर्ण, भूमी यांच्या बाबतीत हा विचार सहज पटतो; परंतु जिला वजन नाही, जी जागा अडवीत नाही आणि दुसऱ्याला दिली तरी आपल्यापाशी उणी होत नाही, अशा चित्रपटाच्या वा गाण्याच्या फाईलचा संग्रह परिग्रह ठरतो की नाही, हा प्रश्न घरात स्ट्रीमिंगची व्यवस्था करू पाहणाऱ्या गृहस्थापुढे खरोखरच उभा असतो, जरी तो त्याला केवळ किमतीचा आणि इंटरनेटच्या वेगाचा वाटत असला तरी.

मार्ग दोन आहेत. भारतात २०१६ च्या जानेवारीत आलेल्या नेटफ्लिक्ससारख्या सेवेची मासिक वर्गणी भरावी, हा एक. आणि घरातल्याच एखाद्या संगणकाला मोठ्या हार्डडिस्क जोडून, त्यावर प्लेक्स किंवा जेलिफिन ही सर्व्हर-प्रणाली बसवून, आपल्याजवळचे चित्रपट व गाणी घरातील सर्व टीव्हींना आणि मोबाईलना पुरवावीत, हा दुसरा. पहिल्या मार्गाने जाणाऱ्यापाशी स्वतःचे असे काही साठत नाही, म्हणून तो अपरिग्रही दिसतो. पण त्याच्याकडे असते ती मालकीवाचूनची वहिवाट, आणि तीही करारनाम्यातील अटींवर. खरेदी म्हणून ज्याचे पैसे मोजले त्याचीही शाश्वती नसते: विक्रेत्यापाशी हक्क नव्हते ह्या कारणास्तव २००९ च्या जुलैत ॲमेझॉनने ऑर्वेलची दोन पुस्तके वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती, पैसे परत केले हे खरे, पण वाचकाला विचारले नव्हते. मला मात्र याहून गंभीर वाटते ती दुसरी गोष्ट. अर्जन, रक्षण आणि क्षय ही तिन्ही चिंता येथे कंपनीच्या माथी जातात, आणि संग तेवढा आपल्याकडे राहतो. एक भाग संपतो न संपतो तोच पुढचा आपोआप सुरू होतो, आणि मनाला थांबण्याचा निर्णय घेण्याइतकीही उसंत मिळत नाही. वस्तू जवळ नसणे म्हणजे तिचा त्याग नव्हे.

स्वतःचा सर्व्हर चालविणाऱ्याला याउलट रक्षणाचा भार प्रत्यक्ष वाहावा लागतो. दोन डिस्कांवर एकच मजकूर उमटविण्याची तजवीज केली तरी चुकून पुसलेली फाईल दोन्हींवरून पुसली जाते, म्हणून तिसरी प्रत अन्यत्र ठेवणे भाग पडते. जुन्या टीव्हीला एखादे नवे संकेतन उमगत नाही, तेव्हा सर्व्हरला ती फाईल पाहता पाहता पालटून द्यावी लागते आणि दुबळा संगणक त्या श्रमाने अडखळतो. वायफायपेक्षा तार टाकलेली बरी, हेही लवकरच कळते. हा भार उपद्रव म्हणून टाकून देण्याजोगा नाही, असे माझे मत आहे. कारण जे जे साठविले ते ते सांभाळावे लागले म्हणजे आपल्याला खरोखर काय हवे आहे हे मनुष्य निवडू लागतो, आणि इच्छेला जी मर्यादा उपदेशाने पडत नाही ती ह्या कष्टाने पडते.

अर्थात त्याआधी अस्तेयाची परीक्षा आहे. परक्याचे चित्रपट हक्कावाचून उतरवून घेऊन भरलेले भांडार त्या व्रतालाच चुकते; मूळ प्रत उणी होत नाही, हा त्यावर बचाव नव्हे, कारण निर्मात्याच्या श्रमाचे मोल तर बुडतेच.

पण संग्रहमात्र त्याज्य मानावा काय? पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आपले आयुष्य तेथे वेचले. फाळक्यांच्या १९१९ च्या ‘कालिया मर्दन’चा मोठा भाग आज पाहता येतो तो त्यांच्या परिश्रमामुळे. क्षय किती जवळ उभा असतो हे २००३ च्या जानेवारीत त्याच शहरात लागलेल्या आगीने दाखविले. जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा तीत गेला, आणि त्यात प्रभात फिल्म कंपनीचा वारसाही होता. नायरांनी गोळा केले ते स्वतःच्या भोगासाठी नव्हते, आणि म्हणून त्याला परिग्रह म्हणण्यास माझी जीभ वळत नाही. आजीच्या ओव्या भरलेली कॅसेट, आत्याच्या लग्नाची व्हिडिओ टेप, ह्या गोष्टी कोणतीही वर्गणीची सेवा सांभाळणार नाही; त्यांची चुंबकीय फीत मात्र वर्षागणिक क्षीण होते आहे, आणि त्या गोष्टी वेळीच उतरवून घेणे हे घरातील कर्त्या माणसाचे कर्तव्य आहे.

म्हणून निवड करावयाचीच तर मी जेलिफिन सुचवीन. एम्बी ह्या तशाच प्रणालीने आपली संहिता बंद केली तेव्हा, २०१८ साली, तिच्या खुल्या भागातून ते निघाले, आणि कोणा एका कंपनीच्या मर्जीवर ते अवलंबून नाही. त्यात घरचे ध्वनिमुद्रण आणि रीतसर विकत घेतलेले थोडे चित्रपट ठेवावेत. बाकीच्यासाठी एखादी सेवा महिनाभर घ्यावी, पुढचा भाग आपोआप सुरू करणारी सोय बंद करावी, आणि पाहून झाले की वर्गणी थांबवावी. सर्व्हरचा पासवर्ड घरातल्या आणखी एकाला ठाऊक असावा, आणि ती तिसरी प्रत बहिणीच्या किंवा भावाच्या घरी द्यावी, कारण आजीच्या ओव्यांवर त्यांचाही तितकाच हक्क आहे.