उघडी पेटी

ज्या वस्तूवर किंमत लिहिलेली नाही, तिचे मोल देणाऱ्याने ठरवावे की घेणाऱ्याने? हा प्रश्न मला कोणत्या ग्रंथात भेटला नाही. स्पेनमधील ग्रान्योन नावाच्या खेड्यात, पाठीवरचे ओझे उतरवताना तो समोर उभा राहिला, आणि त्या रात्री मी त्याचे उत्तर चुकीचे दिले.

फ्रान्सच्या सीमेजवळील सेंट-जाँ-पिए-द-पोर ह्या गावापासून निघून, पिरेनीज पर्वत ओलांडून, नवारा आणि रिओखा ह्या द्राक्षमळ्यांच्या मुलखातून सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे जाणारी ही पायवाट सुमारे ७८० किलोमीटर लांबीची आहे. तेथील महामंदिरात जब्दीचा पुत्र प्रेषित याकोब ह्याची कबर आहे, अशी मध्ययुगापासूनची श्रद्धा. विसाव्या शतकात ही वाट जवळजवळ विस्मरणात गेली होती. १९८४ साली ओ सेब्रेइरो येथील धर्मगुरू एलियास वालिन्या ह्यांनी पिवळ्या रंगाचा डबा घेऊन ठिकठिकाणी दिशादर्शक बाण काढावयास आरंभ केला. २०२३ मध्ये निरनिराळ्या वाटांनी येऊन यात्रेचे प्रमाणपत्र घेणाऱ्यांची संख्या ४ लाख ४० हजारांच्या वर गेली. हे सर्वच जण काही भक्त नव्हेत. २०१८ च्या सप्टेंबरात मी निघालो, तेव्हा माझाही हेतू निर्भेळ नव्हता. थोडी भक्ती, थोडी डोंगरांची हौस, आणि खरे सांगायचे तर स्वस्तात युरोप पाहण्याची संधी.

स्वस्तात, कारण वाटेवर ‘आल्बेर्गे’ नावाची यात्रीनिवासे आहेत. दुमजली खाटा, सामाईक न्हाणीघर, रात्री दहाला दिवे मालवायचे, सकाळी आठच्या आत बाहेर पडायचे. ही व्यवस्था पर्यटन खात्याने निर्माण केलेली नाही. संत बेनेडिक्टांच्या नियमावलीतील त्रेपन्नाव्या प्रकरणात, मठाच्या दारी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे ख्रिस्त समजून स्वागत करावे असा दंडक आहे. त्याचे मूळ मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे, हे वाचकांस सांगावयास नको. पिरेनीजच्या पलीकडच्या उतारावर रोन्सेस्वायेस येथे बाराव्या शतकात यात्रिकांसाठी आश्रयगृह उभे राहिले. त्याही आधी, ११०९ साली निवर्तलेल्या संत दोमिंगोंनी रिओखात ओखा नदीवर पूल बांधला, वाट दुरुस्त केली व थकल्याभागल्यांसाठी निवारा उभारला.

ह्या वाटेवरील यात्रिकांसाठी बाराव्या शतकात जी मार्गदर्शिका लिहिली गेली, तिच्या अखेरीस काही छोट्या कथा येतात. एका स्त्रीची भाकर गरम राखेखाली भाजत होती. दारी आलेल्या यात्रिकास ती म्हणाली, घरात भाकर नाही. नंतर राख उकरली तो खाली गोल दगड. दुसरी कथा एका विणकराची. त्याने नकार दिला आणि मागावरचे कापड फाटून खाली पडले. दोन्ही कथांत शिक्षा न देणाऱ्यास झाली आहे. घेणाऱ्याने काय करावे, ह्याविषयी त्या मौन पाळतात. माझी अडचण नेमकी तेथेच होती.

एस्तेया गाव सोडल्यावर इराचे येथील जुन्या मठाशेजारी एका मद्यनिर्मात्याने १९९१ मध्ये भिंतीत दोन तोट्या बसवल्या. एकीतून पाणी येते, दुसरीतून द्राक्षारस. (मद्यपाननिषेधाचे पुरस्कर्ते वाचक क्षमा करतील अशी आशा आहे.) घोटभर प्यावे, बरोबर न्यावयाचा असेल तर विकत घ्यावा, असे तेथे सुचवलेले आहे. बाटल्या भरून नेणारेही मी पाहिले आणि मनातल्या मनात त्यांचा धिक्कार केला. पुढे लोग्रोन्यो शहरात एका संध्याकाळी मी स्वतःच्या खिशातून वीस युरो द्राक्षारसावर व खाण्यावर खर्च केले. मळ्यांतून तेव्हा तोडणी चालू होती.

त्यानंतर ग्रान्योन. येथे संत योहान बाप्तिस्मा करणाऱ्याच्या मंदिराच्या बुरुजातच यात्रिकांची सोय आहे. लाकडी जमिनीवर पातळ गाद्या अंथरलेल्या, भाडे नाही. रात्री सर्वांनी मिळून स्वयंपाक केला, एकत्र जेवलो, प्रार्थना झाली. दाराजवळ एक पेटी आहे, झाकण उघडे. जमेल ते ठेवा, लागेल ते घ्या, अशा अर्थाच्या ओळी तिच्यावर आहेत. मी पाच युरोंची नोट टाकली. मनात हिशोब झाला होता, चारशेहून अधिक रुपये होतात, आपल्याकडे एवढ्यात दोन वेळचे जेवण होईल. लोग्रोन्योत हा रुपयांचा हिशोब मला सुचला नव्हता.

विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट मला लगेच आठवली. कंजुषाला ती नेहमी वेळेवर आठवते! प्रभूने तेथे नाण्यांची संख्या मोजली नाही, मागे काय उरले ते पाहिले. तिच्याजवळ काहीच उरले नव्हते. माझ्या कमरेच्या पट्ट्यात पुढच्या तीन आठवड्यांची तरतूद शाबूत होती.

सकाळी पेले विसळताना तेथील सेवाभावी व्यवस्थापकाने सहज सांगितले, की रात्रीचे सूप आदल्या दिवशीच्या यात्रिकांनी पेटीत ठेवलेल्या पैशांतून आले होते, आणि आजचे आमच्या पैशांतून येईल. तेव्हा मला माझ्या चुकीचे खरे स्वरूप उमगले. मी समजत होतो की व्यवहार माझा आणि मंदिराचा आहे, आणि मंदिराला माझ्या पाच युरोंवाचून काय अडते? वस्तुतः मला जेवू घालणारे पुढे निघून गेले होते. त्यांची परतफेड करणे शक्यच नव्हते. माझे देणे लागत होते ते त्या क्षणी मागे कोठेतरी चालत येणाऱ्या, मी कधीही न पाहिलेल्या माणसाला. भाडे ठरलेले असते, तर ते चुकते करून मी मोकळा झालो असतो. किंमत नसल्यामुळे ती मुभा मला उरली नव्हती. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, असा अर्थ आपण सांगतो. त्याच्या जेवणाचे पैसे मात्र आधीच कोणीतरी ठेवून जावे लागतात.

मी पेटीकडे वळलो. एक वयस्क यात्रिक तेथे वाकला होता. सर्वांदेखत, न संकोचता, त्याने पेटीतून दहा युरो काढले, घडी करून खिशात ठेवले आणि पिशवी खांद्यावर घेतली. माझ्या मनात पहिला शब्द उमटला तो ‘चोर’. क्षणभराने आठवले की पेटीवर दोन गोष्टी सांगितल्या आहेत, आणि मी त्यांपैकी एकच वाचली होती. चार माणसांत हात पुढे करून घेणे मला साधले असते काय? देण्यापेक्षा ते कठीण आहे, निदान माझ्यासारख्याला.

मी वीस युरो पेटीत ठेवले. त्याला खरोखर गरज होती किंवा नव्हती, हे मला आजही ठाऊक नाही. रेदेसिया गावापर्यंत तो माझ्या पुढे शंभर पावलांवर चालत होता, उजव्या पायाने किंचित लंगडत. मी त्याला गाठले नाही.