हेल्पर पाहिजे

रायपूरजवळच्या भनपुरीत, औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाटकावर पाटी दिसते: ‘हेल्पर चाहिए’. पगार, पाळी, सुट्टी, कशाचाच पत्ता नाही. मंदीत असं मोघम बोलावणंही मोलाचं वाटतं. अर्ज जरूर करावा, पण भिडेखातर गप्प राहू नये. काम भट्टीपाशी की गोदामात? पगार कंपनी देणार की ठेकेदार? भविष्य निर्वाह निधी कापणार का? ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालकावर टाकली. म्हणून दोघांचीही नावं टिपून ठेवावीत. मोघमपणा बहुधा विसरभोळेपणा नसतो, सोय असते. (कधी मालकालाच उद्याच्या ऑर्डरची खात्री नसते, हेही खरं.) आणि रुजू होण्याआधीच ‘डिपॉझिट’ मागितलं, तर सरळ पुढच्या फाटकाकडे वळावं.