रेस्तेलोचा म्हातारा

लिस्बनजवळच्या रेस्तेलोच्या किनाऱ्यावर वास्को द गामाची जहाजं सुटायच्या बेतात आहेत. आया-बायकांची रडारड चालली आहे. तेवढ्यात गर्दीतला एक म्हातारा कडाडतो: सत्तेच्या हावेला कीर्ती म्हणता आणि घरंदारं ओस पाडता! 'लुझिआदश' महाकाव्याचा चौथा सर्ग इथे संपतो. गामाच्या सफरीचा गौरव करायला रचलेलं, 1572 मध्ये छापून पोर्तुगालचा राजा सेबास्तियांवला अर्पण केलेलं हे काव्य. त्यात हा म्हातारा शिरला कसा?

काव्याचा कवी लुईश द कामोंइशचं आयुष्य पाहिलं की थोडा अंदाज येतो. उत्तर आफ्रिकेतल्या सेउतामधल्या शिपाईगिरीत एक डोळा गेला. लिस्बनमध्ये राजाच्या चाकराला जखमी केलं म्हणून तुरुंग झाला. माफी मिळाली आणि 1553 मध्ये साधा शिपाई म्हणून गोव्याला आला. परतला तो 1570 मध्ये, तोही मित्रांच्या मदतीवर. साम्राज्य त्याने असं तळातून पाहिलं. त्याची पहिली छापील कविता गोव्यातच निघाली, वैद्य गार्सिया द ओर्ताच्या औषधींवरच्या 1563 च्या ग्रंथात. व्हाइसरॉयपाशी या वैद्याची शिफारस करणारी. त्याच ओर्ताची हाडं पुढे इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, उकरून जाळली.

तरी कामोंइशला साम्राज्यविरोधक ठरवणं ही लबाडी होईल. गामा जिथे पोचतो ते कालिकत त्याच्या काव्यात मला फिकं वाटतं, आणि गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कची तो तोंडभरून स्तुती करतो. मात्र तिथेही, एका शिपायाला दिलेल्या देहदंडावरून आल्बुकेर्कला चार शब्द सुनावल्याशिवाय राहत नाही.

म्हाताऱ्याला मात्र कामोंइश उत्तरच देत नाही. पाचवा सर्ग उघडतो तेव्हा म्हातारा ओरडतोच आहे आणि जहाजांची शिडं फुगताहेत. सगळ्या काव्यात मला ही जागा सर्वांत खरी वाटते. वादात हरलं म्हणून कुठलं आरमार थांबलंय?

आणि हा म्हातारा काही शांततेचा पुजारी नव्हे. लढायचंच तर दाराशी असलेल्या मूरांशी, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांशी, लढा, असं तोही सुचवतो. काव्याच्या शेवटी खुद्द कवीही राजाला मोरोक्कोची मोहीम सुचवतो. तरुण राजाला ती ओढ आधीपासून होतीच. 1578 मध्ये मोरोक्कोतल्या अल्कासेर किबीरच्या लढाईत तो मारला गेला, वारस न ठेवता. 1580 मध्ये कामोंइश गेला, आणि त्याच वर्षी पोर्तुगाल स्पेनच्या राजाच्या हाती पडलं.