राखलेलं गवत

मंगोलियात सकाळी दुधाचा चहा उकळला की त्यातला पहिला घोट घरातलं कुणी घेत नाही. घरची बाई लाकडी पळी घेऊन दाराबाहेर येते. पळीच्या तोंडाशी नऊ छोटे खळगे कोरलेले असतात. पळीतला चहा ती आकाशाकडे आणि चारी दिशांना शिंपडते आणि मग घरच्यांचे वाडगे भरते. या चहात साखर नसते, मीठ असतं. तिच्या पाठीमागे नमद्याचं गोल घर, म्हणजे गेर. त्याचं दार दक्षिणेला. आणि समोर नजर जाईल तिथवर गवत. ना कुंपण, ना बांध.

असा मुलूख पाहिला की वाटतं, इथली माणसं मनाला येईल तिकडे जात असतील. तसं मुळीच नाही. हिवाळ्याची, वसंताची, उन्हाळ्याची आणि शरदाची अशी चार ठिकाणं बहुतेक पशुपालक घरांची ठरलेली असतात. खानगाईच्या हिरव्या डोंगराळ भागात हे मुक्काम एकमेकांपासून फार लांब नसतात. गोबीत गवत विरळ, त्यामुळे तिथे फेरे जास्त आणि लांबचे. उत्तरेच्या दरखाद खोऱ्यातली कुटुंबं तर हिवाळ्याच्या तोंडावर कळप घेऊन डोंगर ओलांडतात आणि खुव्सगुल सरोवराच्या बाजूला जातात, कारण त्यांचं खोरं थंडीत गोठून जातं. वसंतात पुन्हा तीच खिंड, तीच वाट, उलट दिशेनं.

या सगळ्या फिरण्यात मला निघण्याची वेळ फार मोलाची वाटते. पायाखालचं गवत पुरतं संपायच्या आत ही माणसं घर उतरवतात. आणि ज्या उतारावर जानेवारी काढायचा, तिथलं गवत जुलैत कितीही हिरवंगार असलं तरी कळप तिकडे वळवायचा नाही. ते गवत तसंच वाढतं, पिकतं, उभ्या उभ्या वाळतं. बर्फ पडल्यावर जनावरं जगणार ती त्याच्याच जिवावर. या देशात वैरण कापून साठवण्याची प्रथा फार थोडी. वैरणीची गंजी म्हणावी तर हा डोंगरउतारच.

हिवाळ्याची जागा निवडतानाही मोठी समज लागते. थंडीत माणूस सखल भागात उतरेल असं आपल्याला वाटतं, पण तिथे थंड हवा जड होऊन खोऱ्याच्या तळाशी साचते. म्हणून हिवाळी मुक्काम किंचित उंचावर, दक्षिणेकडे तोंड असलेल्या, पाठीशी डोंगर असलेल्या उतारावर. तिथला मेंढ्यांचा वाडा पक्का असतो, दगडी किंवा लाकडी. वर्षानुवर्षांच्या लेंड्या पायांखाली घट्ट बसून जमिनीवर जाड थर होतो; तो जनावरांना ऊब देतो आणि त्याच्याच वड्या कापून चूलही पेटते. पारा उणे चाळीसपर्यंत उतरतो तेव्हा हीच त्यांची श्रीमंती. घोडे खुरांनी बर्फ उकरून गवत उघडं करतात, मागून मेंढ्या येऊन चरतात. घोडे, उंट, गाई-याक, मेंढ्या आणि शेळ्या ही पाच जनावरं सोबत पाळण्यामागचं शहाणपण अशा वेळी कळतं.

हिवाळा मोजण्याची त्यांची रीत आहे. दक्षिणायन संपतं त्या दिवसापासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ टप्पे, एकूण ८१ दिवस. तिसऱ्या टप्प्यात तीन वर्षांच्या बैलाची शिंगं गोठतात म्हणे, चौथ्यात चार वर्षांच्या बैलाची. पाचव्यात शिजवलेला भात बाहेर ठेवला तरी गोठत नाही. पुढे वाटा दिसू लागतात, मग टेकड्यांचे माथे. किती बारीक नजरेनं सोसली आहे ही थंडी!

वसंत मात्र नावाइतका गोड नाही. जनावरं हाडांवर आलेली असतात, धुळीची वादळं उठतात आणि त्यातच वीण सुरू होते. कोकरं-करडं रात्री गेरमध्ये, चुलीजवळ. एखादी सांडणी आपल्या पिल्लाला जवळ घेत नाही. तेव्हा घोड्याच्या मस्तकाचं सारंगीसारखं वाद्य, मोरिन खूर, वाजवतात आणि तिच्यासाठी तेच ते आर्जवी सूर पुन्हा पुन्हा गातात, तिनं पिल्लाला पाजावं म्हणून. युनेस्कोनं २०१५ मध्ये या विधीची नोंद तातडीनं जपण्याच्या वारशांत केली. एका मुक्या आईची समजूत घालायला संध्याकाळभर गात बसणारी माणसं या जगात आहेत, ही गोष्ट मला सकाळी सकाळी बळ देते.

उन्हाळा नदीकाठी. घोड्या दिवसातून अनेकदा पिळायच्या, दूध कातडी पिशवीत ओतून हजारो वेळा घुसळायचं. त्याचा आंबूस आइराग होतो. दह्याचे खडे गेरच्या छपरावर वाळत पडतात. ११ जुलैपासून नादम, म्हणजे कुस्ती, धनुर्विद्या आणि घोड्यांच्या शर्यती. मग शरदात निवडक माणसं कळप घेऊन दूरच्या कुरणात जातात, थंडीआधी जनावरांच्या अंगावर चरबी चढावी म्हणून. याच दिवसांत तिथल्या सरोवरांवरचे पट्टकादंब हंसही उठतात आणि हिमालय ओलांडून भारतात येतात. आपल्या उजनीच्या पाण्यावर, भिगवणला, हिवाळ्यात हे हंस दिसतात.

घर हलवण्याचा दिवसही पाहण्यासारखा. गेरच्या जाळीदार भिंती मिटतात, आढ्याच्या काठ्या निघतात, नमदे गुंडाळले जातात. तासा-दोन तासांत घराची जागा रिकामी. खुंट्यांचे खड्डे बुजवायचे, कचरा उचलायचा, मगच निघायचं. वाटेत कुणाच्या मुक्कामाजवळून बिऱ्हाड चाललं तर तिथली माणसं चहा-खाणं घेऊन सामोरी येतात. आता उंटांच्या जागी बहुधा छोटा ट्रक असतो आणि सामानात सौरपट्टी. त्यानं मला वाईट वाटत नाही. जाणं टिकलं आहे, हे महत्त्वाचं.

वाईट वाटतं ते जाणं अडतं तेव्हा. पूर्वेकडच्या गवताळ प्रदेशात दहा लाखांहून अधिक मंगोली हरणं आहेत. त्यांची वाट ठरलेली नसते. जिथे पाऊस झाला तिकडे ती जातात. त्यांच्या मुलखातून देशाच्या आरपार रेल्वे जाते आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण आहे. कडक हिवाळ्यात हरणं त्या तारेपाशी अडून मरतात.

माणसांचं अडणं वेगळं. १९९२ च्या संविधानानं कुरणं खासगी मालकीत देण्याला मनाई केली, आणि हा निर्णय मला थोर वाटतो. पण त्याच काळात कळप सांभाळणाऱ्या सामुदायिक संस्था मोडून जनावरं मात्र खासगी झाली. काश्मिरी लोकरीला बाजार मिळाला, शेळ्या भराभर वाढल्या. १९९० मध्ये देशात सुमारे अडीच कोटी जनावरं होती, २०१९ मध्ये सात कोटींवर. पशुपालकाला दोष द्यायला माझं मन होत नाही. मुलांची शाळा, कर्जाचा हप्ता, सगळं त्या लोकरीवरच चालतं. पण इतक्या तोंडांपुढे राखून ठेवण्याजोगं गवत उरत नाही.

मग झुद येतो. बर्फाचा जाड थर बसतो, कधी बर्फ वितळून पुन्हा गोठतं आणि गवतावर काचेसारखं कवच चढतं. खाली चारा असतो, जनावराचं तोंड पोहोचत नाही. २००९-१० च्या हिवाळ्यात ८० लाखांहून अधिक जनावरं गेली, २०२३-२४ मध्ये ७० लाखांहून अधिक. कळप गमावलेली कित्येक घरं राजधानी उलानबातरच्या टेकड्यांवर गेर उभारून राहिली आहेत, आता फळ्यांच्या कुंपणाआड.

ज्यांचा कळप अजून उभा असतो ते अशा हिवाळ्यात दूरच्या तालुक्यात, दुसऱ्यांच्या कुरणात आसरा मागायला निघतात. समोरच्यानं उन्हाळाभर मन आवरून राखलेलं गवत असतं ते. कुरबुरी होतात, भांडणंही होतात, दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना बसून बोलावं लागतं. तरी पुष्कळदा जागा मिळते. पुढच्या हिवाळ्यात आपल्यालाच असं दारात उभं राहावं लागेल, हे देणाऱ्याला ठाऊक असतं.