‘त्रैक्य’ आणि साताऱ्याचा दरबार

ख्रिस्ती ‘त्रैक्य’ त्रिमूर्तीहून भिन्न आहे. त्यात एकाच ईश्वरतत्त्वात तीन ‘व्यक्ती’ मानल्या आहेत. परंतु ‘व्यक्ती’ या शब्दाचा संस्कृतातील मूळ अर्थ प्रकटीकरण. तो धरला तर पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही एकाचीच रूपे ठरतात, आणि हे मत चर्चने तिसऱ्या शतकातच त्याज्य ठरवले. मराठीतील रूढ अर्थ धरावा, तर तीन देव होतात. ना. वा. टिळकांच्या अभंगांत ही कोंडी जाणवत नाही; तेथे ख्रिस्त माउली आहे (वारकरी वळणच ते). १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्यात स्थापलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्यांनाही स्थान होते. मात्र बाप्तिस्मा दिला जातो तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्याच नावाने. तो ऐच्छिक ठरला की त्रैक्याचा उच्चारही ऐच्छिक ठरतो. टिळकांच्या औदार्याची वाखाणणी करताना आपण समीक्षक हे सोयीने विसरतो.