आग्रा रोडवर, उजाडताना

धुळ्याच्या आग्रा रोडवर या. उजाडायच्या आत या.

पाच कंदील चौकापाशी थांबा. शटर खाली आहेत. हातगाड्या ताडपत्रीखाली निजल्या आहेत.

काही करू नका. नुसते उभे राहा.

श्वास आत घ्या. ओल्या मातीचा वास येतो. कुणीतरी दारापुढे पाणी शिंपडलं आहे. मागोमाग आल्याचा, चहाचा. श्वास सोडा. सावकाश.

आता तळपायांकडे या. खाली डांबर आहे, थोडं उखडलेलं. ते जाणवू द्या.

मुंबईहून निघालेली आग्र्याची वाट ती हीच.

1818. खानदेश इंग्रजांच्या हाती जातो. कॅप्टन जॉन ब्रिग्ज धुळ्यात कचेरी मांडतो. 1819 मध्ये इथे 401 घरं आहेत, माणसं 2,509.

401 घरं. घाई नको, तिथेच राहा.

401 चुली पेटताहेत. पांझरा नदीवरून वारा येतो, धूर एका अंगाला झुकतो. बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजतात. जवळ येतात. लांब जातात.

ऐका. लांब गेल्यावरही ऐकत राहा.

शेजारच्या गल्ल्यांना आकडे आहेत. गल्ली नंबर 4, गल्ली नंबर 5. पत्ता सांगायला तेवढं पुरतं.

गल्ली नंबर 1 मध्ये जुने कागद आहेत. जन्मभर गावोगाव दप्तरं शोधत हिंडलेले इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच कायमचे थांबतात. पुढच्याच वर्षी या कागदांसाठी त्यांच्या नावाचं मंडळ उभं राहतं. रुमालांत बांधलेली दप्तरं मनापुढे आणा. गाठ सोडू नका. कापडावर हात ठेवा, बस्स.

पुन्हा एक श्वास.

याच शहरातल्या तुरुंगात, 1932 मध्ये, रविवारी विनोबा गीतेवर बोलतात. साने गुरुजी लिहून घेतात. आपण सगळे बोलणाऱ्याकडे पाहतो. आज लिहिणाऱ्याकडे पाहा. मान खाली. कान उघडे. दुसरं काही नाही.

तसे थोडा वेळ राहा.

दूर गाडीची शिट्टी. 1900 साली चाळीसगावहून पहिल्यांदा रूळ इथवर येतात, आणि इथेच संपतात. येणाऱ्याला इथे उतरावंच लागतं.

आणि ट्रक? ते आता बायपासने जातात. सुरतेचे, नागपूरचे, सोलापूरचे, इंदूरचे. कागदावर महामार्गांचे नंबरही बदलले; जुना 3 आता कुठे 52, कुठे 60. इथे ते कुणाच्या तोंडी नाहीत, बरंच आहे. आग्र्याला जाणारं कुणी आता या बाजारातून जात नाही. तरी दुकानांच्या पाट्यांवर आग्रा आहे.

एखादी पाटी वाचा. एक एक अक्षर.

एक म्हातारबा सायकल हातात धरून जातात. तुम्हाला पाहून थबकतात. "कथा जाई ऱ्हायना भाऊ?"

उत्तराची घाई करू नका. प्रश्न आत उतरू द्या. कुठे निघालात?

म्हातारबा हसतात, पुढे जातात.

एक शटर खडखडत वर जातं. मग दुसरं. हातगाडीवाला ताडपत्री काढतो आणि तुमच्याकडे पाहत राहतो. तुम्ही उभे आहात ती त्याची रोजची जागा आहे. सरका थोडं. त्याला केळी मांडायची आहेत.